मुक्काम तळ्यावर

मेक्सिको सिटीत मुक्कामाची जागा शोधणाऱ्याने पर्यटन पुस्तिकेच्या आधी एक वेगळाच नकाशा पाहावा. तो भूकंपाचा विचार करून अभियंत्यांनी केलेला आहे. त्यात शहराचे तीन पट्टे पाडलेत : टेकड्यांचा, तळ्याचा आणि दोहोंच्या मधला. रस्त्यावर उभं राहिलं तर यातला एकही पट्टा ओळखू येत नाही. सगळीकडे तीच गर्दी, तशीच दुकानं, तशीच हॉटेलं. पण जमीन हलली की कोण कुठल्या पट्ट्यात झोपलंय याला फार महत्त्व येतं.

तळं म्हणजे टेस्कोको. समुद्रसपाटीपासून सव्वादोन किलोमीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात ते पसरलं होतं. त्यातल्या बेटावर १३२५ साली मेशिका लोकांनी, म्हणजे आपण ज्यांना अॅझटेक म्हणतो त्यांनी, तेनोच्तित्लान वसवलं असं परंपरा सांगते. १३ ऑगस्ट १५२१ रोजी ते स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या हाती पडलं. त्याने ते पाडलं आणि स्पॅनिशांनी पाडलेल्या देवळांचेच दगड वापरून त्याच जागी आपली राजधानी बांधली. पाण्याशी मात्र नव्या धन्यांचं कधी जमलं नाही. १६२९चा पूर ओसरायला पाच वर्षं लागली. मग पिढ्यान्‌पिढ्या चर आणि बोगदे खणून त्यांनी तळंच खोऱ्याबाहेर काढलं. पाणी गेलं आणि खालची मऊ, पाणी धरून बसलेली चिकणमाती राहिली. जुनं शहर आजही तिच्यावरच उभं आहे.

शहर खचतंय हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि पायाखाली जाणवणं वेगळं. आम्ही उतरलो ते सोकालो या मुख्य चौकाजवळच्या गल्लीतलं हॉटेल म्हणजे पूर्वीचा एक मोठा वाडा. भिंती तेसोन्तले नावाच्या काळपट-तांबड्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाच्या. हा दगड वजनाला हलका, म्हणून या दलदलीवर बांधणाऱ्यांनी तो पसंत केला. वरच्या मजल्यावरच्या बोळातून खोलीकडे जाताना चाल आपोआप डावीकडे ओढली जायची. खोलीचं दार चौकटीत नीट बसत होतं, पण निरखून पाहिलं तेव्हा कळलं की दाराची खालची कड तिरकी तासलेली आहे. जमीन कलली तसं सुताराने दारही कलतं केलं होतं! खोली आवरणाऱ्या मावशींना मी हाताने उतार करून दाखवला. त्या नुसत्या हसल्या आणि खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. ती आमच्यापेक्षा जास्त कललेली होती.

खचण्याचं कारण पाणीच आहे. तळं घालवलेल्या या शहराची तहान मोठी, आणि तिच्यासाठी जमिनीखालून उपसा चालतो. पाणी उपसलं की चिकणमाती दबते. हा संबंध नाबोर कारिय्यो या अभियंत्याने १९४०च्या दशकात मांडून दाखवला. मध्यवस्ती विसाव्या शतकात नऊ-दहा मीटर खाली गेली. पूर्वेकडचे काही भाग अजूनही वर्षाला चाळीस-पन्नास सेंटिमीटर खचतात. रिफोर्मा या हमरस्त्यावर १९१०चा स्वातंत्र्यस्तंभ आहे. त्याचा पाया खोल असल्यामुळे तो जागच्या जागी राहिला आणि भोवतीचा रस्ता खाली गेला, म्हणून चौथऱ्याला पुढे १४ पायऱ्या वाढवाव्या लागल्या. स्तंभ वर आला असंच पाहणाऱ्याला वाटतं.

सोकालोवरच्या महामंदिरात, म्हणजे कॅथीड्रलमध्ये, मी सर्वांत जास्त वेळ एका ओळंब्यापाशी काढला. घुमटातून लांब तारेने तो खाली सोडलेला आहे आणि फरशीवर खुणा केल्या आहेत. इमारत कशी कलत गेली आणि १९९०च्या दशकात पायाखालची माती हिशेबाने काढून तिला कशी सावरली, ते या खुणा सांगतात. १५७३ ते १८१३ अशी २४० वर्षं ही वास्तू बांधली जात होती, आणि बांधतानाच खचत होती. ओळंब्याशेजारी प्रार्थना चालू असते. माणसं त्याला वळसा घालून जातात.

आता भूकंपाचं. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी हादरा बसला तेव्हा केंद्र साडेतीनशे किलोमीटरहून दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ होतं. वाटेतल्या गावांपेक्षा इथे जास्त हाहाकार झाला, कारण तळ्याच्या चिकणमातीने त्या लाटा पकडल्या आणि कितीतरी पटींनी वाढवल्या. मातीच्या झुलण्याचा ताल सहा ते पंधरा मजली इमारतींच्या तालाशी जुळला. हजारो माणसं गेली. आलामेदा बागेशेजारचं रेजिस हे प्रसिद्ध हॉटेल कोसळलं. तिथे आता सोलिदारिदाद नावाचा चौक आहे आणि त्यात माणसं बुद्धिबळ खेळत बसतात. जुन्या बुटक्या दगडी इमारती त्या मानाने बचावल्या. जवळचा ४४ मजली लातिनोआमेरिकाना मनोराही बचावला, कारण १९५६ साली तो या मातीचा अभ्यास करूनच उभारला होता.

मुक्काम निवडताना माझ्या मते हे सगळं कामाचं आहे. सध्या बाहेरचे लोक रोमा आणि कोन्देसा या वस्त्यांना पहिली पसंती देतात. आहेतही त्या देखण्या. कोन्देसातला आम्स्टरडॅम रस्ता लंबवर्तुळाकार आहे, कारण तिथे पूर्वी घोड्यांची शर्यत लावायचं मैदान होतं. झाडांच्या सावलीतून चालत राहिलं की निघालो तिथेच परत येतो. भारतीय क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉय रोमामध्येच राहत होते आणि १९१९ साली मेक्सिकोतल्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. आपल्याकडच्यासारखेच भंगारवाले इथेही फिरतात. त्यांच्या गाडीवरच्या कर्ण्यातून गाद्या, फ्रीज, शेगड्या मागणारा लहान मुलीचा आवाज साऱ्या शहरात एकच असतो. एका भंगारवाल्याने आपल्या मुलीकडून तो ध्वनिमुद्रित करून घेतला आणि तो सगळ्यांनी उचलला.

पण या वस्त्याही तळ्याच्याच पट्ट्यात येतात. २०१७च्या भूकंपात इथल्या इमारती पडल्या, आणि तारीख पुन्हा १९ सप्टेंबरच होती. दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. इथले फ्लॅट मोठ्या प्रमाणावर पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने दिले जातात, भाडी चढतात आणि जुन्या रहिवाशांना घर सोडावं लागतं. जुलै २०२५ मध्ये याच कारणाने इथे मोर्चे निघाले. कुणाचं तरी सुटलेलं घर माझ्या सुट्टीसाठी वापरायचं, हे मला पटत नाही. हॉटेलात राहावं.

शांतता हवी असेल तर दक्षिणेला कोयोआकान आहे, जुन्या तळ्याच्या काठावरचं. फ्रिडा काहलोचं निळं घर तिथलं, आणि १९४० साली ट्रॉट्स्कीवर जीवघेणा हल्ला झाला ते घरही. आणखी दक्षिणेला शितले ज्वालामुखीच्या थिजलेल्या लाव्ह्यावर विद्यापीठ उभं आहे. जमीन म्हणाल तर तिथली पक्की. पण मध्यवस्तीत रोज येण्याजाण्यात बराच वेळ जातो.

आणि मध्यवस्तीत रोज जावंच लागतं. १९७८ साली वीज कंपनीचे कामगार कॅथीड्रलमागे खणत होते. त्यांची कुदळ सव्वातीन मीटर व्यासाच्या दगडी चकतीला लागली. चंद्रदेवता मानली गेलेल्या कोयोल्शाउकीचं छिन्नविच्छिन्न शरीर तिच्यावर कोरलेलं होतं. त्यातूनच तेम्प्लो मायोर हे तेनोच्तित्लानचं मुख्य देऊळ जमिनीतून वर आलं. तिथून जवळच जुन्या शिक्षण मंत्रालयाची इमारत आहे. दिएगो रिव्हेराने १९२०च्या दशकात तिच्या चौकांच्या भिंती रंगवून काढल्या. वरच्या मजल्यावरच्या एका चित्रात टेबलाभोवती कष्टकरी माणसं बसलीत आणि मधला माणूस त्यांच्यासाठी पाव मोडतोय. तो चेहरा पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा मानतात. वर्ध्याचा हा गदर क्रांतिकारक १९२४ साली मेक्सिकोत आला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर काम केलं आणि शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. विदर्भाच्या माणसाला जगाच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर अन्न वाटताना पाहिलं आणि माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तिथे गेलो. हॉटेलपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर होतं, हे किती बरं!

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं सांगणं असं : खोली मध्यवस्तीतच घ्या, जुन्या, बुटक्या, दगडी इमारतीत. चौकाकडची न मागता मागच्या बाजूची मागा, कारण चौकात रात्री उशिरापर्यंत आवाज असतो. नळाचं पाणी पिऊ नका. खोलीत सामान टाकण्याआधी जिना कुठे आहे आणि धोक्याचा भोंगा वाजला तर कुठे जमायचं, ते विचारून घ्या. किनाऱ्याकडे भूकंप झाला तर हा भोंगा हादरा शहरात पोचण्याच्या आधी वाजतो आणि कधी कधी मिनिटभराचा अवधी देतो. मिनिटभरात दोन मजले उतरता येतात.