पपांचा ॲम्प्लिफायर

आगबोटीवरील नोकरीच्या दिवसांत पपांनी अमेरिकेहून आणलेला फेंडर चॅम्प वीस वर्षे माळ्यावर पडून होता. तीन व्हॉल्व्ह, जेमतेम ५ वॅटचा आवाज आणि पाठीवर लिहिलेले ११७ व्होल्ट. त्याचा ट्रान्स्फॉर्मर कधीच जळून गेला होता. थोरल्याने गिटार हाती घेतली आणि त्याला आजोबांचाच ॲम्प्लिफायर हवा झाला.

आपली वीज २३० व्होल्टची. म्हणून चकती फिरवून हवे तितके व्होल्ट देणारा व्हेरिॲक आणण्यासाठी मी लॅमिंग्टन रोड गाठला. १० अँपिअरच्या धुडाचा मोह पडला खरा. पण व्हॉल्व्ह तापवायला सुमारे १५ वॅट धरूनही सारा हिशेब पन्नाशीच्या आतच येत होता. २ अँपिअरचा पुष्कळ झाला.

दुकानातील वृद्ध कारागिराने विचारले, "साहेब, रोज वाजवणार कोण?"

"मुलगा."

"मग हा नको. चकतीला धक्का लागला, तर थेट २३० जातील. शिवाय आत एकच कॉइल. घरची वीज आणि तुमचा डबा यांच्यात आडपडदा नाही. जुन्या डब्याला अर्थिंग नसते, आणि पोराची बोटे तर तारांवर!"

मी इतका वेळ केवळ ॲम्प्लिफायरचाच विचार करीत होतो.

दोन स्वतंत्र कॉइलांचा, ठरावीक ११७ व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर त्याच्याकडूनच करवून घेतला. तीन पिनांची वायर बसवली, वाळलेले कपॅसिटर बदलले. व्हेरिॲक एका दिवसापुरता मागून आणला. पहिल्यांदा वीज चढवताना चकतीवर हात माझा होता. मुलाला दारापाशी उभे केले होते.

दुसऱ्या दिवशी तो परत केला.