दोन कॉर्डांच्या मधला आवाज

गिटारच्या जाड तारांवरून बोटं सरकतात तेव्हा एक बारीकशी चिरचिर होते. एक कॉर्ड वाजून विरत असते, दुसरी अजून लागायची असते, आणि डावा हात त्या मधल्या निमिषात तारेवरून पुढच्या जागी निघालेला असतो. तेव्हाचा तो आवाज. तुम्हीही तो ऐकला असेल, रात्री उशिरा रेडिओ अगदी हळू लावलेला असताना. तसं त्यात काही गूढ नाही. जाड तारांच्या पोलादी गाभ्यावर ब्राँझची किंवा निकेलची बारीक तार गच्च गुंडाळलेली असते, आणि बोटाची कातडी त्या वेटोळ्यांवरून घासत गेली की ती कुरकुरते. पण पणजीतल्या आमच्या संगीतशाळेत दुपारच्या वर्गाला मुलं येतात, गिटारी मांडीवर घेतात, सूर जुळवता जुळवता उगाच एखादी कॉर्ड धरून सोडून देतात, आणि तो आवाज खोलीच्या कानाकोपऱ्यांतून उठायला लागतो, तेव्हा मी हजेरीचं पान उघडं ठेवून नुसता बसून राहतो.

ऋतूप्रमाणे तो बदलतोही. जून लागला की मांडवीवरून येणारी ओल सगळ्यांत शिरते. लाकूड फुगतं, गिटारच्या मानेला बाक येतो, नव्या तारा पाहता पाहता मरगळतात, आणि दमट बोटांखाली ती चिरचिर जाडसर होते, अडखळत निघते. दिवाळी उलटून हवा कोरडी झाली की तीच लख्ख, टोकदार. डोळे मिटून ऐकलं तर महिना सांगेन, असं मी मुलांना म्हणतो. ती हसतात. हसोत बापडी.

मुलांना तो आवाज नकोच असतो. सर, हा कसा घालवायचा, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. उपाय आहेत. हात हलवताना बोट तारेवरून अलगद उचलून घ्यायचं. नाहीतर फ्लॅटवाउंड तारा लावायच्या, चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, हाताला गुळगुळीत. जॅझच्या जुन्या गिटारवाल्यांच्या आवडत्या. रेकॉर्डिंगमध्ये तर संगणकावर तो पुसूनच टाकतात. ग्रेडच्या परीक्षेत स्वच्छ हाताला गुण असतात, आणि ते बरोबरच आहे. मी सगळे उपाय सांगतो. सांगताना जिवावर येतं, एवढंच.

कारण मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांनी मला त्या आवाजावरून ओळखलं होतं. सावंतवाडीहून एसटीने मी बार्देशातल्या त्यांच्या गावी यायचो. दारापुढच्या बल्कांवात मला बसवून ते आत स्वयंपाकघरात निघून जायचे. तिथून भांड्यांचे आवाज यायचे, परतलेल्या लसणाचा आणि व्हिनेगरचा वास यायचा, आणि मी बाहेर पावसाकडे तोंड करून तेच आठ बार पुन्हा पुन्हा घोटत राहायचो. सूर चुकला तर आतून काहीच प्रतिक्रिया नसे. पण हात दचकून निघाला, पुढच्या जागेबद्दल मनात शंका धरून निघाला, की चुलीपासून आवाज यायचा, "तुजो हात भियेता." चुकीची कॉर्ड लागायच्या आधी यायचा! एवढ्या लांबून, कढईच्या चरचरीतून, त्यांना ती भीती कुठे ऐकू येत होती हे कळायला मला स्वतः शिकवायला लागावं लागलं.

ते पॅरिश शाळेत चर्चच्या मेस्तांपुढे सोल्फेज म्हणत वाढलेले. त्यांच्या पिढीतल्या कितीकांसारखी लिहिलेली सुरावट वाचण्याची विद्या पाठीशी घेऊन मुंबईला गेले आणि हॉटेलातल्या डान्स बँडमध्ये बसले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, नाचाच्या रात्री आटत गेल्या, आणि ही मंडळी अधिकाधिक सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळली. आपल्याकडे ‘अलबेला’ म्हटलं की सी. रामचंद्र आठवतात, आणि आठवावेतच. पण १९५१ च्या त्या चित्रपटात त्यांच्या सोबतीला हळदोण्याचा चिक चॉकलेट आणि त्याचा ट्रंपेट होता, हे ऐकताना विसरायला होतं. आमचे गुरुजी मात्र यातलं क्वचितच काही बोलत. जुन्या दिवसांबद्दल विचारलं की गिटार हातात घेत आणि दोन सूर वाजवून दाखवत.

दोनच. कॉर्डमधला तिसरा आणि सातवा. बाकीचे सूर बासवाला बघेल, पियानोवाला बघेल, तू एवढेच धर, असं त्यांचं म्हणणं. डी मायनर सेव्हनमधले एफ आणि सी धरायचे. जी सेव्हनकडे जाताना एफ आहे तिथेच थांबतो आणि सी एका पडद्याने उतरून बी होतो. मग सी मेजरकडे जाताना तो बी थांबून राहतो आणि आता एफ उतरतो, ई होतो. एकाने थांबायचं, दुसऱ्याने एक पाऊल खाली यायचं, मग थांबलेल्याची पाळी. सगळं जॅझ काही यात येत नाही, पण किती येतं! काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये आला आणि १९८७ साली जाईपर्यंत, बेसी स्वतः गेल्यानंतरही, त्या खुर्चीवर मात्रेला एक अशा चार ठोक्यांनी कॉर्ड धरत राहिला. पुष्कळदा एका सुराच्या आधारावर. सोलो जवळजवळ नाहीच. पन्नास वर्षांचं असं धरणं मनात आणून बघा. मला अजून नीट पेलत नाही.

आता माझ्या वर्गात मजा अशी होते की एकाच बाकावर दोन वेगळी घरं येऊन बसतात. चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारा मुलगा नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचतो, पण कागद काढून घेतला की त्याचा चेहरा उतरतो. शेजारची फोंड्याकडची मुलगी, जिचे आजोबा देवळात भजनाला पेटी धरतात, तिला कागदाचं वाचन अजून जड जातं. पण बारा बारचं ब्लूज तिला पहिल्याच दिवशी कळलं. कुठेही फिरून या, समेवर भेटायचं आहे, हे तिच्या रक्तातच आहे. ती त्याला ताल धरायला लावते, तो तिला कॉर्डांची नावं लिहून देतो. मी मध्ये पडत नाही. जॅझ शिकवणं म्हणजे बाहेरून काही आणून मुलांच्या गळी उतरवणं, हा माझा समज या दोघांनी कधीच मोडून काढला आहे.

कधी मी त्यांना ‘हम दोनों’ नावाची रेकॉर्ड ऐकवतो, १९६९ ची, लंडनची. जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवाला जो हॅरिअट आणि त्याच्याबरोबर मुंबईत जन्मलेला गोव्याच्या घरातला गिटारिस्ट अमान्सियो डिसिल्वा. आडनाव ऐकून मुलं एकमेकांकडे बघतात. मग गिटार सुरू होते, आणि काही वेळाने कुणी कुणाकडे बघत नाही.

वर्गातल्या एका मुलाचे वडील बंदरावर रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. म्हणून तो घरी पिकशिवाय, नुसत्या अंगठ्याने हळू वाजवतो. वेस मॉन्टगोमेरीनेही शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून अंगठा धरला असं सांगतात, हे मी त्याला सांगितलं तेव्हापासून तो शाळेतही पिक काढत नाही. आवाज मऊ येतो, गोल येतो. पण डावा हात अजून उड्या मारतो, आणि ते ऐकू येतं.

गेल्या गुरुवारी ‘ऑटम लीव्हज’ घेतलं. जगभरच्या जॅझच्या वर्गांत नवख्यांना बहुतेक हेच गाणं आधी देतात. बाहेर आषाढ कोसळत असताना पानगळीचं गाणं शिकवायचं हा आमचा गोव्यातला विनोद. व्हायोलिनवाल्याची पाळी आली. त्याने सवयीने कागद पुढे ओढला. "कागद बाजूक दवर आनी वाजय," मी म्हटलं. त्याने तो पालथा घातला, वरून फोन ठेवला, जणू कागद उठून बसेल. पहिल्या फेरीत तो चाचपडला, फोंड्याच्या मुलीने पायाने समेचा ठोका जोरात दिला तेव्हा सावरला. दुसऱ्या फेरीला त्याचा हात आठव्या पडद्यावरून थेट तिसऱ्यावर आला, चांगला लांब, न घाबरता, सबंध चिरचिर ऐकवत. मी बस म्हणून खूण केली, पुढच्याची पाळी होती. त्याने पाहिलंच नाही. त्याने तिसरी फेरी घेतली.