कपाटातला क्रोमियम

ज्याने खर्च केला, खपून आकडे काढले, माहिती त्याची. मागेल त्याला ती देत सुटणं भाबडेपणाचं आहे, असं माझं मत बरीच वर्षं होतं आणि ते मी चारचौघांत ठासून मांडत असे. आज माझं मत तसं नाही. पण ते कसं बदललं हे सांगताना जुन्या मताची मी टर उडवणार नाही. त्यामागची कारणं खरी होती, आणि त्यातली एक-दोन आजही माझ्यापाशी शाबूत आहेत.

मी रसायनवाला. मूळचा बेळगावचा, आणि पोटापाण्यासाठी बंगळूरच्या पीण्यात स्थिरावलेला. तुमकूर रस्त्यालगतची ही औद्योगिक वसाहत सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली. लेथ, पावडर कोटिंग, हीट ट्रीटमेंट, गारमेंटचे मोठे शेड, आणि आतल्या गल्ल्यांमध्ये क्रोम, निकेल, झिंक चढवणारी प्लेटिंगची लहान लहान युनिटं. बाहेरच्यांना हा फक्त लोखंडाचा मुलूख वाटतो. पण देशभरातल्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ज्यांची एन्झाइमं आणि किट वापरली, ती बंगलोर जेनी ही कंपनीही पीण्यातलीच, आणि भारतीय विज्ञान संस्था इथून काही किलोमीटरवर. रसायन आणि जीवशास्त्र इथे एकमेकांच्या शेजारी राहतात. बोलणं मात्र फारसं होत नाही.

मी ज्या प्रयोगशाळेत काम करतो तिथे पाणी आणि सांडपाणी तपासलं जातं. पीण्याच्या भूजलात हेक्साव्हॅलंट क्रोमियम, आमच्या बोलीत क्रोम सिक्स, आहे हे सरकारी अहवालांत येऊन गेलेलं आहे. आमच्यासाठी ती रोजची गोष्ट. नमुन्यात आम्ल घालायचं, डायफेनिल कार्बाझाइड टाकायचं, थोडं थांबायचं. क्रोम सिक्स असेल तर जांभळट गुलाबी रंग चढतो, तो ५४० नॅनोमीटरवर वाचायचा. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या मानकात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. इतक्या कमी प्रमाणात डोळ्याला रंग जेमतेम जाणवतो. काही बोअरच्या पाण्याला मात्र यंत्राची वाट पाहावी लागत नाही, परीक्षानळीच सांगते. खाली कठीण खडक आहे आणि पाणी त्याच्या भेगांतून फिरतं. म्हणून एका बोअरमध्ये क्रोम भरपूर आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसऱ्यात नावालाही नाही, असं घडतं. एकट्या अहवालावरून काहीच कळत नाही. शेकडो अहवाल नकाशावर मांडले तर पाणी कुठून कुठे जातंय ते दिसू लागेल. आणि हे शेकडो अहवाल आमच्यासारख्या प्रयोगशाळांच्या कपाटांत आहेत.

ते तिथेच राहावेत, या बाजूचा मी होतो. पहिलं कारण नियमाचं. प्रयोगशाळांना एनएबीएल या संस्थेची मान्यता आयएसओ १७०२५ या मानकावर मिळते, आणि ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं ही त्यातली अट आहे. दुसरं कारण माणसांचं. आमच्याच भागातून आलेले एक प्लेटिंगवाले मला म्हणाले होते, "साहेब, तुम्ही आकडे बाहेर दिलेत तर प्रदूषण बोर्डाची गाडी आधी माझ्या दारात थांबणार. ज्यानं कधी पाणी तपासलंच नाही तो निवांत राहणार." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो तपासतो त्यालाच शिक्षा, हा अन्याय खरोखरीचा आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटे, कारण त्यात देशाचा प्रश्न होता. उघड्यावर ठेवलेली माहिती ज्याच्याकडे मोठे संगणक आणि मोठे वकील त्याच्या घरी जाते, असं मी म्हणत असे. प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या संशोधकांनी आपापल्या प्रथिनांच्या रचना तिथे फुकट जमा केल्या. त्या साठ्यावर लंडनच्या एका कंपनीने प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारं आल्फाफोल्ड शिकवून तयार केलं आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग त्या कामाच्या वाट्याला आला. आणि हळद तर आपल्या घरातली. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपलं सगळं उघडं होतं म्हणूनच ते उचललं गेलं, असा माझा निष्कर्ष होता.

माझं मत डळमळलं ते एका विद्यार्थिनीमुळे. ती निपाणीची, सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी. प्रकल्पासाठी तिने पीण्यातल्या एका नाल्याकाठची माती घेतली होती आणि डायक्रोमेट मिसळलेल्या आगरवर त्यातले जीवाणू वाढवले होते. एक बॅसिलस तिला असा मिळाला होता की तो क्रोम सिक्सचं क्रोम थ्री करत होता. क्रोम थ्री पाण्यात कमी विरघळतं आणि त्याचं विषही बरंच कमी. ती विचारायला आली, "सर, त्या जागेच्या पाण्यात क्रोम किती असतं? इंटरनेटवर कुठंच मिळेना." त्या जागेचे आकडे आमच्याकडे होते. मालकांना विचारलं. नाव आणि पत्ता न देण्याच्या अटीवर त्यांनी लेखी होकार दिला, आणि मी काहीशा नाखुशीनेच ते तिला दिले.

खरी अडचण तिथून सुरू झाली. तिचे आकडे आणि माझे आकडे एका तक्त्यात बसेनात. तिच्या वहीत लिहिलं होतं, जीवाणू १०० पीपीएम सहन करतो. आमच्या अहवालातही पीपीएमच होते. पण तिने १०० मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट लिटरभर माध्यमात घातलं होतं, आणि त्या मिठात क्रोमियम असतं साधारण ३५ मिलिग्रॅम. आम्ही लिहितो ते निव्वळ क्रोमियम. तिच्या शाखेतल्या इतर लेखांत कुणी मिलिमोलमध्ये मोजलेलं. मिलिमोल कशाचा? क्रोमेटचा असेल तर लिटरला ५२ मिलिग्रॅम क्रोमियम, डायक्रोमेटचा असेल तर दुप्पट. आपापल्या शाखेत हे सगळं बरोबरच आहे, कुणीही चुकलेलं नाही. दोन शाखा समोरासमोर येताच मात्र त्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

माझ्या बाजूला तर आणखी गंभीर प्रकार होता. एकूण क्रोमियम मोजायचं असेल तर नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच दोनच्या खाली नेतात. त्याच बाटलीतून क्रोम सिक्स मोजायला गेलात तर आम्लात त्याचं क्रोम थ्री होऊन आकडा खाली येण्याचा धोका असतो. त्यासाठी वेगळी बाटली लागते, आम्ल न घातलेली, थंड ठेवलेली आणि लवकर तपासलेली. हे आमच्या प्रत्येक तंत्रज्ञाला पाठ आहे, आणि नेमकं म्हणूनच जुन्या कितीतरी अहवालांत ते लिहिलेलं नाही. नुसतं "क्रोमियम" आणि पुढे आकडा. ज्याने मोजलं त्याला अर्थ ठाऊक. तो निवृत्त झाला की त्या आकड्याचा अर्थही गेला.

तोवर मी वाटण्याचा प्रश्न दानतीचा समजत होतो, देणारा उदार की कंजूष एवढाच. आता मला दिसलं की दुसऱ्या शाखेच्या माणसाला शोधून सापडेल आणि वाचून कळेल अशी माहिती लिहिणं हे निराळंच काम आहे, आणि ते मीही कधी केलं नव्हतं. तिने जीवाणूची ओळख पटवणारा १६एस जनुकक्रम जेनबँक या जनुकक्रमांच्या खुल्या संग्रहात दिला, तेव्हा मी शेजारी बसून तो फॉर्म पाहिला. नमुना कशातून घेतला, कोणत्या देशात, अक्षांश-रेखांश काय, असे रकाने तिथे आहेत. क्रोमियम सहन करणाऱ्या जीवाणूंच्या इतरांच्या नोंदी आम्ही उघडून पाहिल्या, तर बहुतेक ठिकाणी "औद्योगिक सांडपाणी, भारत" एवढ्यावरच भागवलेलं. पाण्यात क्रोम किती, पीएच किती, काही नाही. रसायनाच्या बाजूला पाहावं तर पदार्थाला नेमका पत्ता असतो. क्रोम सिक्सचा सीएएस क्रमांक १८५४०-२९-९. तो टाकला की विषबाधेपासून वाहतुकीच्या नियमांपर्यंत सगळं समोर येतं, पण त्याला खाणारा जीवाणू पीण्याच्या नाल्यात राहतो हे येत नाही. एकाच डबक्याची अर्धी माहिती एका दालनात आणि अर्धी दुसऱ्यात, मधे दार नाही.

आणि दाराची गरज किती आहे ते क्रोमेटच सांगतं. हे विष पेशीत शिरतं कसं? क्रोमेटचा आयन आकाराने सल्फेटसारखा आहे, मधे एक अणू आणि भोवती चार ऑक्सिजन. सल्फेट आत घेणारं पेशीचं यंत्र त्याला ओळखत नाही आणि आत सोडतं. हे जीवशास्त्रज्ञांना जनुकांतून कळलं, रसायनवाल्यांना रचनेवरून सुचण्यासारखं होतं. आमच्या अहवालांत सल्फेटचाही आकडा असतो, दरवेळी, क्रोमियमच्या दोन ओळी वर. तो तिच्या कामाचा आहे, सल्फेट भरपूर असलेल्या पाण्यात जीवाणू क्रोमेटला कसा तोंड देतो हे तपासता येईल, असं ती म्हणाली. इतकी वर्षं मी तो आकडा सही करून पाठवत होतो.

त्यानंतर मी हळदीचं प्रकरण पुन्हा नीट वाचलं, आणि माझा सगळ्यात लाडका पुरावाच माझ्या विरुद्ध उभा राहिला. माशेलचे रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख असताना त्या संस्थेने या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशाच्या जोरावर? लिहिलेल्या आणि छापलेल्या पुराव्यांच्या. जुने ग्रंथ होतेच, शिवाय १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला एक लेखही होता. हळद आपण गुपित ठेवली असती तर आव्हान द्यायला हातात काहीच नसतं. पेटंट मिळालं ते माहिती उघडी होती म्हणून नव्हे. तपासनिसाला ती शोधून सापडण्याची सोय नव्हती म्हणून. २००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात याच दुखण्यावर इलाज केला गेला. ग्रंथ नुसते स्कॅन करून ठेवले नाहीत. पेटंट कार्यालयांच्या वर्गीकरणाशी जुळेल असं वर्गीकरण बनवलं आणि मजकूर इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानीत आणला. शिवाय ते ग्रंथालय सगळ्या जगाला मोकळं सोडलं नाही. करार केलेल्या पेटंट कार्यालयांनाच ते पाहता येत होतं. इतरांसाठी वाट रुंद करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला. शोधता येणं आणि सगळ्यांना मोकळं असणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, हे मला तिथे कळलं, आणि माझा बराचसा विरोध तिथेच संपला.

आल्फाफोल्डबद्दलही माझा राग निवळला आहे, गेलेला नाही. त्या कंपनीने वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या अंदाजित रचना खुल्या केल्या आणि आमच्या या विद्यार्थिनीला तिच्या जीवाणूच्या एन्झाइमशी मिळतीजुळती रचना त्यात पाहता आली. पण ज्यांनी माहिती जमवली त्यांचं श्रेय आणि ज्यांनी ती वापरली त्यांचं श्रेय यातलं अंतर फार आहे, असं मला अजूनही वाटतं. फरीदाबादला २०२२ मध्ये सुरू झालेलं भारतीय जैविक माहिती केंद्र म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. आपली माहिती आपल्या इथे, आपल्या अटींवर, पण सापडेल अशी. रसायनाचे, विशेषतः पाण्या-मातीचे आकडे त्याच्याशी जोडले जावेत ही माझी मागणी आहे.

प्लेटिंगच्या टाकीचा फॉर्म्युला मी आजही कुणाचा देणार नाही. ती त्या माणसाची रोजीरोटी आहे. पाण्याचे आकडे मात्र मी वेगळे काढले आहेत. आता आमच्याकडे नमुना देताना ग्राहकाला एक जादा ओळ भरावी लागते: नाव आणि पत्ता वगळून, जागा ढोबळ करून, हे आकडे अभ्यासासाठी देण्यास संमती आहे की नाही. "नाही" लिहिणाऱ्यांचे अहवाल कपाटात राहतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. "हो" लिहिणाऱ्यांच्या नोंदीत सीएएस क्रमांक असतो, एकक असतं, आकडा मिठाचा की निव्वळ क्रोमियमचा ते असतं, बाटलीत आम्ल होतं की नव्हतं तेही असतं. जुन्या ग्राहकांपैकी जे सापडले त्यांच्याकडे मी स्वतः गेलो. बोर्डाच्या गाडीची भीती घालणाऱ्या त्या गृहस्थांनी अजून सही केलेली नाही, आणि तपासणाऱ्यालाच आधी धरलं जाणार नाही अशी हमी मंडळ देत नाही तोवर त्यांनी ती करावी असं मीही म्हणणार नाही.

राहिले ते बंद पडलेल्या युनिटांचे अहवाल. शेड विकले गेले, मालक गावी गेले किंवा वारले, संमती मागायची तर कुणाकडे? जुन्यातलं जुनं पाणी त्याच कागदांवर आहे. क्रोम भूजलात कधी आणि कुठून उतरलं हे कळायचं तर तेच लागतील. ठरावीक वर्षांनंतर असे आकडे नाव काढून सार्वजनिक संग्रहात द्यायचे की नाही, याचा नियम प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि मान्यता देणाऱ्या संस्थेने मिळून करायला हवा. तशी विनंती मी लिहून दिली आहे. उत्तर येईपर्यंत आम्ही ते अहवाल एकेक करून टंकून ठेवतो आहोत, आणि ज्या तंत्रज्ञांनी त्या बाटल्या भरल्या होत्या त्यांना फोन करून विचारतो आहोत, आम्ल घातलं होतं का?