आईची सही

वार्तापत्राच्या या अंकासाठी संपादक मंडळाने नेहमीप्रमाणे आमच्याकडे चार शब्द मागितले. परीक्षा, शिस्त, मोबाईलचा अतिरेक हे विषय दर वर्षी होतात, आणि पालक ते पान उलटून पुढे जातात हेही आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा या वेळी घरचीच गोष्ट सांगतो. दौलतगंजातल्या बहुतेक मराठी घरांत आज एक तरी म्हातारे माणूस आहे, आणि मुले पुण्याला, इंदूरला नाहीतर त्याहून लांब आहेत. तेव्हा ही गोष्ट निव्वळ आमच्या घरची राहील असे वाटत नाही.

२०२३ साली तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याभरात, पहाटे पाचच्या सुमारास, आई चौकात घसरून पडली. वय ८१. आदल्या रात्री चौक धुतला होता आणि थंडीने तो वाळला नव्हता. आम्ही धावत गेलो तेव्हा ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती. "मला उठवू नका, पाय माझा राहिला नाही," एवढेच म्हणाली. डावे पाऊल बाहेरच्या बाजूला वळले होते आणि तो पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता. खुबा मोडल्याची ही खूण असते, हे आम्हांला पुढे कळले. तेव्हा फक्त ते पाऊल पाहवेना.

इस्पितळात भर्ती केले. एक्स-रे निघाला. मांडीचे हाड खुब्याच्या सांध्याजवळ, त्याच्या मानेशी मोडले होते. डॉक्टर आमच्याच गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. वय फार नाही, पण बोलणे शांत. त्यांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले की या वयात हे हाड आपणहून जुळण्याची आशा धरू नये. मोडलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवावा लागेल. दोन दिवसांच्या आत झाले तर बरे. निजून राहिल्यास छातीत कफ साठतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी होतात, आणि म्हातारी माणसे हाडाने नव्हे, अशा गोष्टींनी जातात. मात्र हृदय थोडे अशक्त आहे, तेव्हा टेबलावर काही होणारच नाही असे लिहून देता येणार नाही.

मग जे सगळ्या घरांत होते ते आमच्याही घरात झाले. पुण्याहून दादांचा फोन, "या वयात चिरफाड कशाला? आहे तशी राहू दे, बाई ठेवू." इंदूरहून ताईचा, "ग्वाल्हेरला नको, दिल्लीला हलवा." आमची सौ. म्हणे, आधी जेवून घ्या. आम्ही इस्पितळाच्या गॅलरीत येरझारा घालत दिवसभर हेच बोलत होतो. खोलीत शिरलो की चेहरा बदलत असू. "अगं, छोटंसं काम आहे. दोन टाके घालतील, आठवड्यात घरी." आई "बरं" म्हणे आणि छताकडे पाही.

भेटायला येणारी मंडळी धीर देत. त्यांत निदान चौघांनी तरी अटलजींचे गुडघे काढले. ग्वाल्हेरात ते होणारच! शिंदे की छावणीतला मुलगा पंतप्रधान झाला, ७५ व्या वर्षी ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत त्यांचा एक गुडघा बदलला आणि जून २००१ मध्ये दुसरा. करणारे डॉ. राणावत न्यूयॉर्कहून आले, पण शिकलेले आपल्या इंदूरच्या महाविद्यालयात. ही सगळी माहिती आम्ही चारदा ऐकली. चौथ्या वेळी आई म्हणाली, "ते ठरवून गेले होते. मी पडले आहे." मंडळी हसली. आम्हीही हसलो. तिला फरक नेमका कळला होता हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. गुडघा बदलणे महिनाभर पुढे ढकलता येते. मोडलेल्या खुब्याला तेवढा अवकाश नसतो.

संध्याकाळी परिचारिकेने सहमतिपत्र आणून दिले. मजकूर हिंदीत. आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले, तेव्हा वाचायला अडचण नव्हती. उलट एकेक शब्द जास्तच कळत होता. 'निश्चेतना', 'जोखिम', 'मृत्यु भी सम्भव'. खाली दोन रेघा होत्या, एक रोगीसाठी, एक नातेवाइकासाठी. आम्ही खिशातून पेन काढले आणि सवयीने नातेवाइकाच्या रेघेवर सही करून मोकळे झालो. वर्षभरात आमच्या टेबलावर सहमतीचे शेकडो कागद येतात. किल्ल्याची सहल असो की ओरछ्याची, पालकांची सही नसेल तर मुलाला बसमध्ये चढू देत नाही, मग ते कितीही रडो. सहलीला जाणाऱ्याची सही कुठे असते? आईच्या कागदावरही आमचे तेच झाले.

रात्री आठला डॉक्टर फेरीला आले. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अम्माजी का दस्तख़त कहाँ है?" आम्ही हळूच म्हणालो की त्यांना सगळे सांगितलेले नाही, घाबरतील. डॉक्टर काही बोलले नाहीत. स्टूल ओढून आईच्या उशाशी बसले. आज वार कोणता, आपण कुठे आहात, घरी कोण कोण, असे विचारले. आईने वार सांगितला, तिथीही सांगितली. मग त्यांनी आम्हांला सांगितले होते तेच सगळे, सोप्या हिंदीत, काही न गाळता तिला सांगितले. आम्ही पायथ्याशी उभे होतो. तिथून निघून जावे असे वाटले.

आई म्हणाली, "बेटा, नहीं करवाया तो?"

"तो ज़्यादातर बिस्तर पर रहना पड़ेगा, अम्माजी. दर्द भी रहेगा."

"और करवाया तो?"

"वॉकर से चलने की अच्छी उम्मीद है. पहले जैसा चलना शायद न हो. और ख़तरा है, वो मैंने बता दिया."

आई बराच वेळ गप्प राहिली. मग मराठीत आम्हांला म्हणाली, "तो कागद आण. आणि माझा चष्मा घरी राहिलाय. वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

आम्ही म्हणालो, आम्ही वाचून दाखवतो. "तू दिवसभर वाचूनच दाखवतो आहेस," ती म्हणाली.

स्कूटर काढली आणि चष्म्यासाठी दौलतगंजला आलो. बाड्यावर अजून दिवे होते, पण आमच्या गल्लीत शुकशुकाट. घरात आई, सौ. आणि आम्ही एवढेच राहतो, सौ. इस्पितळात. कुलूप उघडून आत आलो आणि उंबऱ्याशीच थांबलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण या घरात आई नाही असा एक तास आम्ही कधी काढला नव्हता. ती माहेरी, झाशीला जाई तेव्हाही आम्ही बरोबर असू, आणि पुढे ती कुठे गेलीच नाही. देवाजवळची समई तशीच, वात अर्धी जळून विझलेली. पहाटे ती समईच लावायला निघाली होती. ओट्यावर रात्रीचे भिजवलेले मूग फुगून वर आले होते. कॅलेंडरवर दुधाचे आकडे तिच्या अक्षरात, आदल्या दिवसापर्यंतचे. त्या दिवसाचा चौकोन कोरा. आम्ही तिथे पेन्सिलीने दुधाचा आकडा लिहिला, का ते सांगता येणार नाही. दूध आलेच नव्हते.

चष्मा कोनाड्यात पोथीवर होता. एका काडीला दोरा गुंडाळलेला. दोन वर्षे 'नवीन करू' म्हणत होतो.

परत गेलो. आईला उशी देऊन थोडे उठवले. तिने कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बोट ठेवून, आपल्या चौथीतल्या मुलांसारखा. 'निश्चेतना'वर थांबून विचारले, हे काय? भूल, आम्ही म्हणालो. कमरेत सुई देतील, पाय बधिर होतील, तू जागी असशील. "मग ऐकू येईल मला सगळं," ती म्हणाली आणि पुढे वाचू लागली. सही करताना हात फार कापला. आडनावाची शेवटची दोन अक्षरे रेघेखाली उतरली. डॉक्टरांनी ते पाहिले आणि "बिल्कुल ठीक है" म्हणून कागद घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिला आत नेले. आमच्या एका शिक्षकाने रक्त दिले. दहावीची दोन मुलेही तयार होऊन आली होती. १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय रक्त देता येत नाही, असे सांगून त्यांना परत पाठवावे लागले.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोन तास वीस मिनिटे बसलो. जप सुचला नाही. सुचली ती गोष्ट, जी आम्ही दर ३० जानेवारीला मुलांना सांगतो आणि ज्यातला अर्धाच भाग इतकी वर्षे सांगत आलो. १२ जानेवारी १९२४. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात, वय ५४. आंत्रपुच्छाचा दाह. रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, मध्येच वादळाने वीज गेली आणि शेवटचे काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. मुलांना कंदील आवडतो, म्हणून आम्ही कंदील रंगवून सांगतो. पण त्याआधीचा भाग असा, की कैदी असूनही संमतीची चिठ्ठी गांधीजींनी स्वतः दिली. ना. श्रीनिवास शास्त्री तिथे होते. मुंबईहून आपले डॉक्टर येईपर्यंत थांबण्याची मोकळीक होती, पण वेळ नाही, कर्नल मॅडॉक यांच्यावर आपला विश्वास आहे, अशा आशयाचा तो मजकूर. सही पेन्सिलीने केली. हात इतका थरथरत होता की इंग्रजी सहीतल्या शेवटच्या 'आय'वरचा ठिपका राहून गेला, असे शास्त्रींनी नमूद केले आहे. त्या बाकावर आम्हांला तो न दिलेला ठिपका आठवत होता आणि रेघेखाली उतरलेली आईची दोन अक्षरे.

साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. सगळे ठीक होते.

इथेच काळजी संपली असे आम्हांला वाटले, आणि ती चूक होती. पालकांपैकी ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. दुसऱ्या रात्री आई आम्हांला ओळखेना. आम्हांला बाबांच्या नावाने हाक मारली (बाबा जाऊन तेव्हा १९ वर्षे झाली होती), परिचारिकेला 'सराफ्यात जायचे आहे, टांगा बोलवा' म्हणाली, आणि सुईची नळी ओढून काढली. शस्त्रक्रियेपेक्षा त्या रात्री आम्ही जास्त घाबरलो. डॉक्टर म्हणाले की मोठ्या शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होऊ शकतो, रात्री तो वाढतो, बहुतेकांचा काही दिवसांत उतरतो. दिवसा उजेड असू द्या, घड्याळ दिसू द्या, ओळखीचे माणूस जवळ राहू द्या, आणि चष्मा लावा. पुन्हा चष्माच! चौथ्या दिवशी सकाळी तिने विचारले, "मुगाचं काय केलंस?"

घरी आल्यावर एके दिवशी आमच्या शाळेचे एक विश्वस्त, जे वकील आहेत, आईला भेटायला आले. सहीची हकीकत ऐकून त्यांनी सांगितले की यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. समीरा कोहली प्रकरण, १६ जानेवारी २००८. रुग्ण बाई भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तपासणीऐवजी मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली होती. न्यायालयाने म्हटले, रुग्ण सज्ञान आहे, थोड्या वेळात शुद्धीवर येणार आहे, जिवाला तत्काळ धोका नाही. मग आईची संमती ही तिची संमती होत नाही. आम्ही म्हणालो, तिथे लेकीसाठी आईने सही केली, इथे आईसाठी लेकाने. वकीलसाहेब म्हणाले, "कायद्याला दोन्ही सारखंच." आई आतून ऐकत होती. काही बोलली नाही, पण त्या दिवशी चहा तिने स्वतः, वॉकर धरून उभी राहून केला. साखर दुप्पट पडली.

आता ती घरात चालते. चौकाचा उंबरा सुताराकडून काढवून तिथे उतार केला, न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवली, चौक रात्री धुणे बंद. पडण्याआधी हे सगळे करता आले असते. खर्च फार नव्हता. दोन वर्षे चष्मा नवीन न करणाऱ्या माणसाला उंबरा कुठून दिसणार? दादांचे अजूनही मत आहे की आम्ही धोका पत्करला. खरे आहे, पण पत्करला तो आईने.

शाळेच्या सहलीच्या कागदावर गेल्या वर्षीपासून पालकांच्या रेघेखाली आणखी एक रेघ आम्ही घातली आहे, विद्यार्थ्याची. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यावर थोडी थट्टा झाली. पालकांच्या सहीशिवाय आजही कोणाला बसमध्ये घेत नाही, ते बदललेले नाही. पहिल्याच खेपेला बहुतेक मुलांनी नुसती नावे लिहिली. सातवीतल्या एकाने मात्र लिहिले, "जायचंय. पण बसमध्ये उलटी होते. पप्पांना सांगू नका. खिडकी द्या."

त्याला खिडकी दिली. पप्पांना सांगितले नाही, आता वाचतील.