मिसरा कुठे तुटतो

मार्कडाऊन या साध्या मजकुरात खुणा करून लिहिण्याच्या पद्धतीत एन्टर दाबला म्हणून ओळ तुटत नाही. नागपुरातल्या कवींचे संग्रह ई-बुकसाठी तयार करताना सोबत काम करणाऱ्या नव्या मुलांना मी हेच आधी सांगतो. जॉन ग्रुबरने २००४ साली ही पद्धत आणली, तेव्हा ईमेलमधल्या साध्या मजकुराची रीत त्याच्यासमोर होती. त्या रीतीत परिच्छेदाच्या ओळी ठरावीक लांबीवर एन्टर देऊन मोडत. त्या वाचताना पुन्हा जुळाव्यात म्हणून मार्कडाऊन एकट्या एन्टरला स्पेस समजतो आणि मोकळी ओळ दिसली तरच नवा परिच्छेद धरतो. गद्याला हे फार सोयीचं. गझलेचा मात्र त्यात जीव जातो.

गझलकार सुरेश भट ज्या शहरात राहिले, २००३ साली ज्या शहरात वारले, तिथे तरी शेराची हेळसांड होऊ नये असं मला मनापासून वाटतं. शेराचे दोन मिसरे, म्हणजे त्याच्या दोन ओळी, एकमेकांना चिकटले की मोबाईलवर ओळ पडद्याच्या रुंदीप्रमाणे कुठेही वळते, आणि मतल्यातले, म्हणजे पहिल्या शेरातले, काफिया-रदीफ मधेच कुठेतरी बुडून जातात. यावर पुष्कळजण प्रत्येक मिसऱ्यानंतर मोकळी ओळ सोडतात. मला ते मुळीच पटत नाही. मिसऱ्यांमधलं आणि शेरांमधलं अंतर सारखंच ठेवलं, तर शेर कुठे संपला ते वाचकानं ओळखायचं कसं?

ग्रुबरचा मूळ उपाय म्हणजे ओळीच्या शेवटी दोन स्पेस. ओळ तुटते, पण ही खूण कोणाला दिसत नाही. मुद्रितशोधक ती तपासू शकत नाही, आणि कित्येक एडिटर फाईल सेव्ह करताना ओळीअखेरच्या स्पेस पुसून टाकतात. संग्रह काल नीट होता, आज गद्य झाला, आणि फाईलकडे बघून कारण कळत नाही.

म्हणून मी कॉमनमार्क या मार्कडाऊनच्या प्रमाणित रूपातला बॅकस्लॅश वापरतो. पहिल्या मिसऱ्याच्या शेवटी बॅकस्लॅश, दुसऱ्यानंतर मोकळी ओळ. दुसऱ्याच्या शेवटी तो देऊ नये. परिच्छेद तिथेच संपत असल्यानं तो जसाच्या तसा छापला जातो. मुक्तछंदात कवीनं ओळ आत सरकवली असेल तर पॅनडॉक या कन्व्हर्टरची उभी रेघ घ्यावी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला रेघ आणि एक स्पेस दिली की पुढच्या जास्तीच्या स्पेससुद्धा टिकतात. एरवी परिच्छेदाच्या सुरुवातीला चार स्पेस दिल्या, तर मार्कडाऊन कवितेला संगणकाचा कोड समजून चौकटीत टाकतो.

तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेसारखा ओवीबद्ध ग्रंथ असेल, तर ओवीच्या क्रमांकाआधी न तुटणारी स्पेस द्यावी, म्हणजे ॥१॥ एकटं खालच्या ओळीवर जात नाही.

जुन्या कन्व्हर्टरांना बॅकस्लॅश कळत नाही, तेव्हा आधी एका गझलेवर तपासून घ्या. चालत असेल, तर तुमच्या फायलींतल्या ओळीअखेरच्या दोन-दोन स्पेस शोधून आजच बदला.