वाऱ्याकडे पाठ

डोलवी म्हटलं की आठवतात त्या चिमण्या... पोलाद कारखान्याच्या! पण हिवाळ्यात शेजारच्या धरमतर खाडीवर कॅमेरा घेऊन जाच. शटर १/२००० वगैरे ठीक, पण खरी गंमत वाऱ्याची. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतात. दुपारनंतर वारा समुद्रावरून, पश्चिमेकडून, ऊनही तिकडूनच. म्हणून मी पश्चिमेला पाठ करून बसतो. पक्षी समोरून येतात, तेही उजेडात.

आणि हो, टाळ्या वाजवून थवा उठवायचा नाही! हजारो किलोमीटर उडून आलेले तुतवार, चिखल्ये ओहोटीच्या चिखलावर पोट भरतात. आपण उठवलं की त्यांच्या तोंडचा घास गेला. भरती चढली की ते आपसूक उठतात. म्हणून निघण्याआधी भरतीची वेळ बघायची, आणि गप बसून राहायचं.