कान कुठे ठेवाल?

मुलांनो, मुंबई डोळ्यांनी तर सगळेच पाहतात. आज आपण ती कानांनी पाहू या. चला, गिरगावातून लालबागला!

चर्नी रोड स्टेशनपासून थोडं चाललं की रॉयल ऑपेरा हाऊस लागतं. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. १९९३ मध्ये बंद पडलेलं हे नाट्यगृह २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. ते बांधलं तेव्हा माइक कुठले असायला? गायकाचा आवाज थेट येई, तसा छताला नि भिंतींना आपटूनही येई. म्हणून एकच गाणं पहिल्या रांगेत वेगळं, वरच्या सज्जात वेगळं!

जवळच लॅमिंग्टन रोड. रेडिओ-स्पीकरच्या सामानाचा हा मोठा बाजार. साध्या स्पीकरमध्ये कागदी शंकू थरथरतो. पण 'इलेक्ट्रोस्टॅटिक' नावाच्या महागड्या स्पीकरमध्ये शंकूच नसतो! दोन जाळीदार पत्र्यांच्या मधोमध अगदी पातळ पडदा ताणलेला असतो आणि विजेच्या ओढीने तो हलतो. इंग्लंडमधल्या 'क्वाड' कंपनीने असा स्पीकर १९५७ मध्ये विकायला आणला. त्याचे बारीक, उंच सूर बॅटरीच्या झोतासारखे सरळ जातात. समोर मधोमध बसा, झांज लखलखीत ऐकू येईल. बाजूला सरका, की ती मंदावते. आवाज मागूनही निघतो, म्हणून हा स्पीकर भिंतीला चिकटवून ठेवत नाहीत.

आता बस पकडून लालबागला. गणपतीचे दिवस आहेत असं समजा. मिरवणूक वळणाआड असताना आधी काय ऐकू येतं? ढोल! त्याचे जाड सूर कोपऱ्यावरून सहज वळतात. ताशाचा कडकडाट मात्र समोर आल्यावरच खणखणतो.

आणि स्पीकरची भिंत आली तर? मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं, की कानावर येणाऱ्या आवाजाची शक्ती चौथाईवर येते. अरुंद गल्लीत मात्र दोन्हीकडच्या इमारती आवाज परत फेकतात, म्हणून तिथे आणखी लांब जायला हवं. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर समजा, आपण फार जवळ उभे होतो. धाकट्या भावंडांना तर स्पीकरसमोर खांद्यावर मुळीच बसवू नका.

आज घरी रेडिओ लावा, डोळे मिटा आणि खोलीभर हळूहळू फिरा. गाणं सगळ्यांत छान कुठे लागतं? ती जागा आई-बाबांनाही शोधायला सांगा बरं!